साबूकंदाची सालं

आक्का,

तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे हे मी लिहिलं तरी तुझ्यापर्यंत पोचवायला मला ते मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मोठ्यानं मी काही बोलत नाही हे तुला माहीत आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले दोन महिने तू मला मुकीच समजत होतीस. शेजारणीला म्हणालीस, "धाकटी जाऊ आलीया खरं, पर बोलती का न्हाय ते अजून कळंना बाई. शेळीला तरी आवाज असतुया." मी दाराआड उभी होते. मला हसू आलं, तेही आवाज न करता.

मंगलच्या मागच्या वर्षीच्या वहीत पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहितेय. मंगल शाळेत गेलीय. हे गिरणीत. थोरले भावजी भिंतीला टेकून बसलेत, झोपलेत की जागे आहेत ते कळत नाही. दुपारचा भोंगा होऊन गेला. तू गेल्याला आज सतरा दिवस झाले.

मला रडू आलेलं नाही. बायकांनी ते पाहिलं. "थोरलीनं हिला लेकीवानी सांभाळलं आन् ही बग, दगडावानी बसलीया," असं एक जण म्हणाली, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. त्यात खोटं काही नव्हतं. तुला शेवटचं लुगडं नेसवताना माझे हात नीट चालत होते, निऱ्यासुद्धा सरळ आल्या. पण ते हात माझे वाटत नव्हते. दहाव्यासाठी मुद्दाम मागवलेला साबूकंद चिरताना अंगठा कापला, तोही मला कळला नाही. मंगल म्हणाली, "आई, पाणी लाल झालंय," तेव्हा खाली पाहिलं.

तो साबूकंद या घरात पहिल्यांदा आला तो दिवस तुला आठवत असेल. भावजी तेव्हा मद्रासकडच्या रेल्वेगाडीवर कामाला जायचे. परत आले ते खांद्यावर पोतं घेऊन. पोतं ओट्यावर उलटं केलं, तर आतून तपकिरी, मातीनं माखलेले, हातभर लांबीचे दांडके पडले. तू कमरेवर हात ठेवून पाहिलंस आणि म्हणालीस, "सोलापुरात जळण मिळंना व्हय, म्हणून तिकडनं लाकडं आणली?"

भावजी म्हणाले, "लाकडं न्हाईत. कंद हाय. ह्याचाच साबुदाणा करत्यात."

"ह्याचा?" तू एक दांडका उचलून कानाशी हलवलास, आत दाणे वाजतात का ते ऐकायला. मग मीसुद्धा हसले, आणि भावजींच्या देखत हसले म्हणून लगेच पदर ओढला.

त्यांच्या गाडीवरच्या सोबत्याची बायको, केरळची अम्मिणीबाई, दुसऱ्या दिवशी दाखवायला आली. कंद दोन दिवसांत आतून काळा पडतो, ठेवून चालत नाही, एवढं तिनं आल्या आल्या सांगितलं. मराठी तिला येत नव्हतं आणि तिचं हिंदी आपल्या हिंदीपेक्षाही मोडकं. पण हात बोलत होते. सुरीनं कंदाला उभी चीर दिली आणि अंगठा आत घालून साल अशी उलगडली, जसं लेकराच्या अंगातलं झबलं काढावं. वरचं तपकिरी आणि आतलं जाड गुलाबी, दोन्ही एकदम निघालं. आत पांढराशुभ्र कंद. मग पातळ चकत्या, त्या पाण्यात, पाण्यातून धोतराच्या फडक्यावर. तेल तापलं, चकत्या पडल्या, आणि मग तिनं वाटीतलं मिठाचं पाणी चमचाभर थेट उकळत्या तेलात टाकलं.

तू किंचाळून मंगलला घेऊन दाराबाहेर पळालीस. "घर जाळती का काय ही बया!"

अम्मिणीबाई हसत होती. तेल चरचरलं, तडतडलं आणि शांत झालं. तिनं कानाला बोट लावलं. "आवाज बंद, तब निकालो." खरंच, तेलाचा आवाज थांबला तसा तिनं झारा घातला. ताटात काप पडले ते वाजत पडले. तू दारातूनच हात पुढं करून एक घेतलास. खाल्लास. आत आलीस आणि दुसरा घेतलास.

निघायच्या आधी अम्मिणीबाईनं सगळी सालं गोळा केली. परसात गेली, धुण्याच्या दगडापलीकडं खुरप्यानं खड्डा केला, सालं त्यात घातली, माती लोटली आणि वरून पायानं दाबली. आपली शेळी चंद्री खुंट्याला बांधलेली होती, दावं ताणून तिकडंच बघत होती. आपण दोघी दारात उभ्या राहून ते पाहत होतो. ती गेल्यावर तू म्हणालीस, "त्यांच्यात सालं पुरत्यात वाटतं. काय एकेकाची रीत आसती." मी मान हलवली.

आक्का, सगळं इथंच आहे. आपल्याला ती रीत वाटली.

त्यानंतर साबूकंद आपल्या घरचा झाला. भावजी वर्षातून दोन-तीनदा आणायचे, बहुतेक एखाद्या मोठ्या उपासाच्या आधी. आणि आपलं भांडण सुरू व्हायचं. उपासाला चालतो की नाही? माझं म्हणणं, आपल्या आज्यांनी कधी पाहिला नाही तो कंद उपासाला कसा चालेल. तू म्हणायचीस, "साबुदाणा चालतोय न्हवं? साबुदाणा म्हंजी ह्याचं लेकरू. लेकरू देवाला चालतंय आन् आई चालत न्हाय व्हय?" तरी मी एकादशीला काप खाल्ले नाहीत. तू माझ्यासमोर बसून मुद्दाम कुरूमकुरूम वाजवत खायचीस. "धाकटे, देव बग कसा ऐकतुया." मी दुसऱ्या दिवशी खायची. तोवर ते थोडे सादळलेले असायचे. मला सादळलेलेच आवडतात, असं मी म्हणायची. ते खोटं होतं.

दुसरं भांडण काप तेलातून काढायच्या वेळेचं. मी रंग बघून काढायची, पिवळसर झाला की लगेच, करपतील या भीतीनं. ते चिवट व्हायचे. तू डोळे मिटून चुलीपाशी बसायचीस, कान तेलाकडं. "अजून बोलतंय. बोलू दे त्याला. आपण मधी बोलू न्हाई." तुझे काप पत्र्याच्या डब्यात आठ-आठ दिवस कुरकुरीत राहायचे. आवाज थांबल्यावर काढायचं, एवढंच त्यात होतं, पण मला ते जमत नव्हतं. मला वाट बघताना धडकी भरायची.

माझं बोलणं तू बोलायचीस आणि तुझं लिहिणं मी लिहायची. रेशनच्या दुकानात मला नाव विचारलं की मागून तुझाच आवाज यायचा. दवाखान्यात माझं कुठं दुखतंय ते तूच सांगायचीस, आणि बरोबर सांगायचीस. मला विषमज्वर झाला तेव्हा मंगल चार महिन्यांची होती. माझं दूध आटलं. शुद्धीवर आले तेव्हा परसातून शेळीचा आवाज ऐकू आला. मला वाटलं ताप अजून उतरलेला नाही. तू सांगोल्याकडं माहेरी माणूस पाठवून, तुझ्या भावाकडून चंद्री आणवली होतीस. काळी, कानांवर पांढरे ठिपके. तुला मूल नव्हतं. माझ्या मुलीला तू वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजत होतीस आणि तिला सांगत होतीस, "ही तुजी मावशी हाय बग, चंद्रीमावशी." मंगल चालायला लागली ती चंद्रीच्या पाठीला धरून.

आता ते सांगते जे मी कोणालाच सांगितलं नाही.

मंगल तीन वर्षांची असेल. भावजींनी कंद आणला. तू चुलीशी बसलीस, मी सोलून देत होते. टोपलीभर सालं झाली. या घरात सालं कुठं जातात? बटाट्याची, काकडीची, भोपळ्याची, सगळी चंद्रीला. आधीच्या खेपांना सालं काढणं तुझ्याकडं होतं, आणि तू ती कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर टाकून यायचीस, मातकट असतात म्हणून. त्या दिवशी माझ्याकडं होतं. मी ती धुतली. चांगली दोन पाण्यांनी धुतली. टोपली घेऊन परसात गेले तेव्हा अम्मिणीबाईचा खड्डा आठवला. मनात आलं, त्यांच्यात रीत असेल, आपल्यात नाही. मग टोपली चंद्रीपुढं ठेवली. तिनं सगळी खाल्ली, टोपली चाटली, आणि माझ्या हाताला मीठ लागलं होतं तेही चाटलं.

दुपार उतरायच्या आत ती खाली बसली. मग उठायला गेली आणि पाय वाकडे पडले. तोंडाला फेस, पोट फुगलेलं. तू तिला तेल पाजलंस, उभं धरून चालवायचा प्रयत्न केलास, मांडीवर तिचं डोकं घेतलंस. दिवे लागायच्या आधी ती गेली. तिच्या पोटात पिल्लू होतं.

गाभण होती म्हणून तू त्या दिवशी सकाळी तिला भिजवलेली ज्वारी घातली होतीस. नेहमीपेक्षा जास्त. ती मेल्यावर तू तिच्या गळ्यातलं दावं सोडलंस. मग म्हणालीस, "ज्वारी फुगली पोटात. माज्याच हातानं मारली मी. मेंढरं राखणाऱ्याची लेक मी, आन् मला कळू न्हाई?" तुझा आवाज साधा होता. रोज भाकरीला पीठ किती घ्यायचं ते विचारायचीस तसा.

तेव्हा मलाही माहीत नव्हतं. खरं सांगते, मलाही ज्वारीच वाटली. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून बसले होते. तो हात खरा होता. त्याच्यानंतरचा माझा कुठलाच हात तुझ्या पाठीवर खरा नव्हता.

तीन-चार महिन्यांनी अम्मिणीबाई मला भाजीबाजारात भेटली. त्यांची बदली झाली होती, निरोप घ्यायला येणार होती. मंगलचं विचारलं, तुझं विचारलं. मग म्हणाली, "बकरी अच्छी है?" मी मान हलवली, गेली म्हणून. ती थांबली. पुढचं विचारताना माझ्या तोंडाकडं बघत होती. "कप्पा का छिलका खाया?"

कप्पा म्हणजे त्यांच्याकडं साबूकंद.

मी नजर खाली घातली. तेवढ्यानं तिला कळलं. तिनं कपाळावर हात मारला. "इसलिए तो मैं मिट्टी में डालती हूँ. गाय, बकरी, सब मर जाता है." आणि मग तिला माझी दया आली असावी, कारण तिनं माझी पिशवी हातातून घेतली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत आणून दिली.

बाजारापासून घरापर्यंत मी वाक्य तयार केलं होतं. "आक्का, ज्वारीनं नाही मेली. मी सालं घातली." एवढंच. आत आले तर तू मंगलच्या केसांना तेल लावत होतीस. मंगल म्हणाली, "मोठी आई, आपली चंद्री परत कवा येणार?" आणि तू म्हणालीस, "माज्या हातात आता न्हाई ग येणार ती." मी पिशवी ठेवली. म्हटलं, मंगलसमोर नको. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी तू खुंटा धुऊन त्यावर फडकं वाळत घातलं होतंस. म्हटलं, आज नको.

अशी सहा वर्षं.

मला कशाची भीती होती ते मी आता या वहीत तरी नीट लिहिते. तू मारशील, बोलशील, ही भीती नव्हती. तू बोलली असतीस आणि संध्याकाळी विसरली असतीस. माझ्या मुलीला जगवायला तू जी शेळी आणलीस ती मीच मारली, हे तुझ्या तोंडावर मला बघायचं नव्हतं. तू तुझ्या हातांना दोष देत होतीस, आणि माझे हात मोकळे राहत होते. ते मी राहू दिले.

पण सालं मी बाजारातल्या त्या दिवसापासून पुरायला लागले. प्रत्येक खेपेला. धुण्याच्या दगडापलीकडं, अम्मिणीबाईनं पुरली तिथंच. तू पाहिलंस तेव्हा हसलीस. "काय ग, केरळची झालीस का काय तू?"

मी म्हणाले, "रीत असते."

दर खेपेला तू काहीतरी टोमणा मारायचीस आणि दर खेपेला मी तेच म्हणायची. परसात शेळी नव्हती, गल्लीत कोणाची सुटी फिरत नव्हती, तरी मी खड्डा खणायची. मी कोणासाठी पुरत होते ते तू एकदा तरी विचारायचं होतंस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण तुझ्यावर ढकलणं सोपं आहे, आता तर जास्तच.

आणि पत्रं. तुझा भाऊ बिरूदादा वर्षातून एकदा पोस्टकार्ड पाठवायचा, गावच्या मास्तरांकडून लिहून घेऊन. मी तुला वाचून दाखवायची. प्रत्येक पत्रात शेवटी असायचं, चंद्रीच्या वाणाची एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली कोवळी शेळी, आहे, घेऊन येऊ का. तू ऐकायचीस, गुडघ्यावर हनुवटी ठेवायचीस, आणि म्हणायचीस, "लिही. नको म्हणावं. माज्या हाताला जनावर लाभत न्हाय."

मी लिहायची. 'माझ्या हाताला जनावर लाभत नाही.' माझं अक्षर चांगलं आहे. चौथीच्या परीक्षेत मास्तरांनी ते वर्गाला दाखवलं होतं. त्या चांगल्या अक्षरात मी ते पाच-सहा वेळा लिहिलं. एकदा 'लाभत' शब्दापाशी शाई सांडली तर दुसरं कार्ड आणून पुन्हा लिहिलं.

तू आजारी पडल्यावर शेवटच्या महिन्यात तुला काही गिळवत नव्हतं. तरी एक दिवस म्हणालीस, "काप कर." भावजींनी जुन्या सोबत्याकडून कंद मागवला. मी तळले. तू एक काप तोंडात धरून ठेवलास, चावला नाहीस. तो मऊ झाला तेव्हा मीच बोटानं काढला. मग तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "सालं पुरलीस न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय."

"बरं केलंस."

एवढंच. पुन्हा डोळे मिटलेस. आक्का, तुला कळलं होतं का? की सहा वर्षं बघून बघून तुलाही ती घरची रीत वाटायला लागली होती, म्हणून सवयीनं विचारलंस? मी तुझ्या तोंडाकडं बघत बसले. वाक्य तयार होतं, बाजारातून येताना केलं तेच, शब्दसुद्धा बदललेला नव्हता. तू घोरायला लागलीस. त्यानंतर तीन दिवसांनी तू गेलीस. सतरा दिवस मी याच एका गोष्टीचा विचार करतेय आणि दर वेळी दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या वाटतात.

दहाव्याला मी ठरवून गेले होते. तळ्याच्या काठी पिंड ठेवला, भाताशेजारी तुझे काप ठेवले. ते मीच तळले होते, अंगठ्याला चिंधी बांधून. या खेपेला मी रंग नाही पाहिला. डोळे मिटून आवाज थांबायची वाट पाहिली. कुरकुरीत झाले. पहिल्यांदाच झाले. ते सांगायला मी वळले तर मागं कोणी नव्हतं.

मी ठरवलं होतं, कावळा शिवला नाही तर सगळ्यांदेखत बोलायचं. कावळा खोळंबतो तेव्हा माणसं पुढं होऊन एकेक वचन देतात, तुझ्या नवऱ्याला सांभाळू, तुझं राहिलेलं पुरं करू. तशी मी पुढं होणार होते. हात जोडून म्हणणार होते, आक्का, ज्वारीनं नाही. मी पाय उचलला होता.

आणि कावळा आला. खोळंबला नाही की घिरटी घातली नाही. सरळ उतरला, भाताला चोच लावली, मग एक काप उचलला आणि उडून गेला. कोणीतरी म्हणालं, "शिवला, शिवला." कोणी हसलंसुद्धा, "आक्कीला कापच लागत्यात." माणसं उठली, चपला घातल्या. तुझं काही राहिलं नव्हतं म्हणे. माझं राहिलं होतं, पण त्यासाठी कोणी थांबत नाही. मी उचललेला पाय खाली ठेवला आणि सगळ्यांच्या मागून घरी आले.

परवा एकादशी होती. मी काप खाल्ले. उरलेले. चालतात म्हणायचं, तुझं खरं होतं.

काल बिरूदादा आला. मालट्रकमधून आला, सोबत वर्षाची पाट. काळी. कानांवर ठिपके नाहीत, कपाळावर एक पांढरी रेघ आहे. ती ओट्यापाशी बांधून तो आत बसला. भावजींशी चार शब्द बोलला. मग खिशातून एक पुडकं काढलं, दोऱ्यानं बांधलेलं, आणि माझ्यापुढं ठेवलं. तुझी पोस्टकार्डं.

"आक्कीची पत्रं," तो म्हणाला. "मला वाचाय येत न्हाई. मास्तर वाचायचं. तुमीच लिवायचा न्हवं? तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

मी दोरा सोडला. वरचंच कार्ड. माझं अक्षर, अगदी सरळ ओळीत.

बिरूदादा पाटीकडं बघत सांगत होता, "चंद्रीच्या भणीची नात ही. दर साली म्हणायचो आणतो म्हणून. आक्की काय ऐकंना. हाताला लाभत न्हाय म्हणायची. आता तुमी ठिवता का? तिच्या घरात एक असावं वाटतंय."

तेव्हा मी बोलले. भावजींच्या देखत, डोक्यावरचा पदर नीट न करता. "दादा, आक्काच्या हाताला लाभत होतं. चंद्री ज्वारीनं नाही मेली. आम्ही काप करतो त्या कंदाची सालं विषारी असतात, ती मी घातली. मला माहीत नव्हतं. मागनं कळलं."

आवाज माझा होता, पण तू बोलतेस तसा मोठा आला. भावजींनी डोळे उघडले.

बिरूदादानं कार्डांच्या पुडक्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "तिला म्हाईत हुतं?"

"न्हाई." मग मी म्हणाले, "मला कळत न्हाई."

"घातली तवा तुमाला म्हाईत न्हवतं, ते सोडा." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पर मागनं कळलं तवा सांगायचं की, बाई. एवढी पत्रं लिवली."

मी कार्डं पुन्हा दोऱ्यात बांधली. भावजी उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन पाटीच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. मी चहा टाकला. बिरूदादानं घेतला नाही. उन्हं कलायच्या आत निघाला. मी दारापर्यंत गेले. मला वाटलं पाट सोडून घेईल. त्यानं दाव्याला हात लावला, गाठ पाहिली, घट्ट केली.

"सालं मातूर लांब ठिवा," म्हणाला, आणि गेला.

रडू अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. काल मंगल शाळेतून आली तेव्हा तिला मी सगळं सांगितलं. ऐकून ती पाटीजवळ गेली आणि तिचं नाव काय ठेवायचं ते विचारायला लागली. म्हटलं, तुझ्या मोठ्या आईला विचारून सांगते. तोंडातून गेलं तसंच.

आज सकाळी पाट तुझ्या खुंट्याला बांधली. दावं पूर्ण सोडून पाहिलं, ते धुण्याच्या दगडापलीकडं मी सालं पुरते त्या जागेपर्यंत पोचतं. दहाव्याची सालं अजून वरवरच होती. ती उकरून काढली, दोन टोपल्या माती काढली, आणि न्हाणीच्या मागं, भिंतीच्या पार पलीकडं कमरेएवढा खड्डा करून पुरली. वरून दगड ठेवला.

खुंटा तुझा आहे. तो नाही हलवला.